असूड अख्खं वाच, सोन्या

प्रिय सोन्या,

परवा फोनवर तू म्हणालास की आई, महात्मा फुल्यांच्या शेतकऱ्याचा असूडवर स्पर्धा परीक्षेत एक-दोन मार्काचाच प्रश्न येतो, लेखक कोण आणि साल कोणतं, नोट्समध्ये तेवढं आहे, अख्खं पुस्तक वाचायला टाईम कुणाकडे आहे. तेव्हा पप्पा जेवायला बसले होते म्हणून मी काही बोलले नाही, पण ते डोक्यातून गेलं नाही बघ. आता अंगणवाडीतून आले, हातपाय धुतले आणि लिहायलाच बसले.

तुला साल पाठ आहे, १८८३. त्यातलं विद्येविना मति गेली हे तर पहिलीत असताना शाळेच्या भिंतीवर वाचून पाठ केलंस, आबांच्या मांडीवर बसून म्हणायचास. पण ते चार शब्द म्हणजे नुसती चौकट रे, घर आत आहे.

मी हे पुस्तक मागच्या उन्हाळ्यात वाचलं, खरं सांगते, पहिली दहा पानं जीव गेला. जुनी मराठी, एकेक वाक्य पानभर चालतं, मधेच राग, मधेच शिवी. मग मी मोठ्याने वाचायला लागले, रात्री अंगणात, आबा बाजेवर. आणि मोठ्याने वाचलं की कळतं बघ ते, कारण ते लोकांना वाचून दाखवायलाच लिहिलंय, जोतिरावांनी स्वतः गावोगाव वाचून दाखवलंय.

आणि त्यात आहे काय माहितीये, तू ज्या सरकारी खुर्चीसाठी सदाशिव पेठेत त्या अभ्यासिकेत बसून डोळे फोडतोयस ना, ती खुर्चीच आहे त्यात. दुसऱ्या प्रकरणाच्या नावातच सांगितलंय की सरकारी गोरे अधिकारी ऐषआरामात गुंग, त्यांना शेतकऱ्याची खरी स्थिती काय आहे हे जाणून घ्यायला सवडच होत नाही, आणि मग खालचे सरकारी कामगार, म्हणजे कारकून वगैरे, त्याला नागवतात. पुढे एक शेतकरी येतो, लंगोटी नेसलेला, कलेक्टरच्या तंबूवरून निघालेला, रागाने स्वतःशीच बडबडत घराकडे चाललेला. मी तिथवर आले आणि आवाज बसला माझा. तुला आठवतंय ना सातबाऱ्यावरची नावाची चूक दुरुस्त करायला पप्पा किती चकरा मारायचे, आणि घरी आले की गाडी लावून तसेच गोठ्याकडे जायचे, कुणाशी बोलायचे नाहीत? जोतिरावांचं घराणं मूळचं आपल्याच कटगुणचं, आडनाव गोऱ्हे, त्यांनी हे पुण्यात बसून लिहिलं, पप्पांना न बघता लिहिलं.

आणि पुस्तक नुसतं रडत नाही हां. पाचव्या प्रकरणात उपाय आहेत, पावसाचं पाणी शेतात मुरेल असे तालीवजा बंधारे घाला, त्या कामाला पलटणीतले आणि पोलिसातले शिपाई लावा, चांगल्या जातीची जनावरं आणा, शेतकऱ्यांच्या पोरांना शिकवा. आबा तंबाखू मळत होते ते थांबले, म्हणाले, अगं हे तर आपण आत्ता करतोय, डोंगरावर सीसीटी खोदल्या, पाणी मुरवायचे सलग समतल चर, त्या काय वेगळ्या. एकशे चाळीस वर्षं लागली रे आपल्याला तिथवर यायला.

तू म्हणशील की आई, जुनी पुस्तकं वाचून राजकारण बदलत नाही. बदलतं. जोतिराव विशीत होते, १८४७ मध्ये त्यांनी थॉमस पेनचं मानवी हक्कांवरचं पुस्तक वाचलं, आणि पुढच्याच वर्षी मुलींची शाळा काढली. आणि बाबासाहेबांचं तर तुझ्या सिलॅबसमध्येच आहे, पण तिथेही एकच ओळ असणार. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना त्यांना लोकांनी विचारलं होतं की कारभाराचे एवढे बारीक तपशील घटनेत कशाला कोंबलेत. तर त्यांनी उत्तर द्यायला ग्रोट काढला, ग्रीसचा इतिहास लिहिणारा, बारा खंडांचा. अथेन्समधल्या लोकशाहीबद्दल लिहिताना तो संविधानिक नैतिकता म्हणतो ना, म्हणजे घटनेच्या रीतीनियमांचा मनापासून मान राखणं, ती. बाबासाहेब म्हणाले ही आपोआप येत नाही, रुजवावी लागते, आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे, म्हणून तपशील कायदेमंडळावर सोडायचे नाहीत, घटनेतच लिहून ठेवायचे. म्हणजे बघ, आपल्या घटनेत इतकी कलमं का, त्याचं एक कारण एका जुन्या पुस्तकात आहे, आणि ते ज्याने आधी वाचून ठेवलं होतं त्यालाच भर सभेत वेळेवर सापडलं. नोट्स वाचणाऱ्याला ग्रोट हे नाव मिळतं, पण त्या क्षणी काय उत्तर द्यायचं ते मिळत नाही.

परीक्षा सोडून वाच असं मी म्हणत नाहीये, फी किती जाते ते मला माहितीये. रोज झोपायच्या आधी पाच पानं, तेवढंच. कंटाळा आला तर मोठ्याने वाच, रूमवरची पोरं ऐकतील.

पप्पा रविवारी पुण्याला येतायत, त्यांच्याकडे पुस्तक देते. मध्ये एक पान दुमडलंय, ते आबांनी दुमडलंय, बंधाऱ्याचं. तिथून नको सुरू करू. आणि तो तंबूवरून निघालेला माणूस घरी पोचतो ना, तिथपर्यंत झालं की मला फोन कर, रात्री कितीही वाजता, मला ऐकायचंय तुला काय वाटलं ते.

तुझी आई