आधी नेमसर्व्हर तपासा, मग प्लॅन वाढवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नेट संथ चालते म्हणून तक्रार केली की सोलापुरात दोनच उत्तरे मिळतात : राउटर बंद करून चालू करा, नाहीतर मोठा प्लॅन घ्या. मी अशोक चौकात संगणक दुरुस्तीचे काम करतो. मोठ्या प्लॅनचे पैसे फुकट गेलेली गिऱ्हाइके मी नेहमी पाहतो.

अलीकडचेच सांगतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात जुन्या यंत्रांवर मी विंडोजऐवजी डेबियन लिनक्स ही मोफत प्रणाली घालून दिली होती. जीएसटीचे पोर्टल उघडायला गेले की पाच सेकंद पडदा कोरा आणि मग सगळे पान एकदम हजर. स्पीड टेस्ट उत्तम. शेजारच्या विंडोजच्या यंत्रावर एवढे जाणवत नव्हते, त्यामुळे अकाउंटंट मॅडमचा सगळा राग लिनक्सवर (म्हणजे माझ्यावर). नेटवाल्यांनी दुप्पट वेगाचा प्लॅन गळ्यात मारला, तरी पाच सेकंद जागचे हलले नाहीत. पाणी सोडणारा माणूसच उशिरा येत असेल, तर घरातला नळ मोठा बसवून काय होणार?

नेमके पाच सेकंद ही आमच्या धंद्यातली ओळखीची खूण आहे. संकेतस्थळ उघडण्याआधी त्याच्या नावावरून त्याचा आकड्यांतला आयपी पत्ता शोधावा लागतो. हा पत्ता सांगणारे यंत्र म्हणजे नेमसर्व्हर. तो कोणाला विचारायचा, त्या नेमसर्व्हरांची यादी लिनक्सच्या ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ या फाइलमध्ये असते. त्यातले पहिले तीनच धरले जातात. पहिला गप्प बसला तर यंत्र पाच सेकंद थांबते, मग दुसऱ्याला विचारते. पुढच्या नावाला पुन्हा पहिल्याच्याच दारात! विंडोज साधारण सेकंदभरात दुसरीकडे वळते, एवढाच फरक. त्यात हल्लीच्या एका पानाला चित्रे, फाँट, जाहिराती वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात, त्या प्रत्येक नावाचा शोध निराळा.

‘डिग’ ही आज्ञा वापरून यादीतल्या दोघांना वेगवेगळे विचारले. दुसऱ्याने काही मिलिसेकंदांत उत्तर दिले, पहिला ढिम्म. तो आधीच्या नेट कंपनीचा निघाला. नवी जोडणी देताना राउटरमधला जुना पत्ता कोणी काढलाच नव्हता आणि परक्या ग्राहकाला तो दाद देत नव्हता. दुरुस्ती मी राउटरमध्येच केली, कारण ती फाइल हाताने बदलली तर जोडणी पुन्हा होताना राउटरकडच्या यादीवरून बहुधा परत पहिल्यासारखी लिहिली जाते. उबंटू या दुसऱ्या लिनक्सच्या नव्या आवृत्त्यांत त्या फाइलमध्ये नुसते १२७.०.०.५३ (यंत्राचा स्वतःचाच पत्ता) दिसते, तिथे खरी यादी ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ ही आज्ञा दाखवते.

माझे म्हणणे नेट कंपन्यांना आहे. जोडणी देणाऱ्या मुलाला राउटरमधले जुने नेमसर्व्हर पुसायला सांगा. आपल्या नेमसर्व्हरचे पत्ते बिलावर छापा. तक्रार घेणाऱ्याने ‘पान सुरू व्हायलाच वेळ लागतो, की सुरू झाल्यावर हळूहळू येते?’ एवढे तरी विचारावे. पहिले उत्तर आले तर प्लॅन विकण्याआधी नेमसर्व्हर तपासावा. कारखानदाराचे निभावते, पण सात रस्त्याजवळ फॉर्म भरून देणाऱ्या केंद्रचालकाने शेवटच्या तारखेला रांग लागलेली असताना दुप्पट प्लॅनचे पैसे का भरावेत?

– एक संगणक दुरुस्ती कारागीर, अशोक चौक, सोलापूर