गोधडीला हात लावणाऱ्या सगळ्यांना

अमळनेरच्या आमच्या गल्लीत यंदा गोधडी झाली ती ना फूटपट्टी लावून, ना नक्षी आखून. कात्री जाईल तशा वाकड्या पट्ट्या कापायच्या, एकीने जोडलेला तुकडा दुसरीने पुढे वाढवायचा. चिंध्यांची गोणी ओट्यावर ठेवून गेलेले दादा, तुम्ही नावही सांगितलं नाहीत. एका मावशींनी मोकळ्या पांढऱ्या जागेत एकच लाल पट्टी तिरकी बसवली. माझ्या मते गोधडी तिथेच जिवंत झाली. आत कुणाच्या तरी आजीचं मऊ लुगडं, वरून हाताचा धावदोरा. स्वयंपाक आवरून रात्री टाके घालायला येणाऱ्या वहिनींनो, तुमचे फार फार आभार. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावर, एका बाळंतिणीकडे ती थंडीआधी पोचली.