१७ दिवस आणि ६ वर्षं : पर्यावरणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. पर्यावरणमंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

महोदय, गेली चार वर्षं मी दर रविवारी सकाळी एका तलावावर जलपर्णी काढायला जाते. आम्ही दहा-बारा जण असतो, बहुतेक निवृत्त, काही कॉलेजची मुलं. हातमोजे, दाताळं, दोर आणि एक जुनी होडी, एवढंच आमचं साहित्य. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, पण ही वनस्पती मला खरी कळली ती कमरेइतक्या पाण्यात उभी राहिले तेव्हा.

एक रोप ओढलं की ते एकटं येत नाही. बुडाशी एक आडवी फूट निघालेली असते, तिच्या टोकाला पिल्लू रोप, त्या पिल्लाला आणखी एक. देठ मधोमध फुगलेला, दाबला तर स्पंजासारखा. आत हवाच हवा, म्हणून रोप बुडत नाही. खाली जांभळट-काळ्या मुळांचा झुपका, त्यात गाळ अडकलेला, गोगलगाई चिकटलेल्या. ओढताना ती आडवी फूट कडकन तुटते आणि तुटलेलं पिल्लू वाऱ्याबरोबर सरकत जातं. आम्ही होडी घेऊन त्याच्या मागे जातो, कारण ऊब आणि सांडपाणी मिळालं तर जलपर्णी साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. निसटलेलं एक पिल्लू म्हणजे पुढच्या रविवारांचं काम.

तीन वर्षांपूर्वी हा तलाव यंत्रं लावून साफ झाला होता. मंडप पडला, भाषणं झाली, छायाचित्रं छापून आली. आम्हीही टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या, कारण कित्येक वर्षांनी पाणी दिसत होतं. काढलेल्या जलपर्णीचे ढीग मात्र काठावरच राहिले. पहिल्या मोठ्या पावसात ढिगाचा खालचा भाग परत पाण्यात गेला आणि सातव्या महिन्यात तलाव पुन्हा हिरवागार झाला. आम्ही संबंधित कार्यालयात गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी शांतपणे सांगितलं, “बाई, ते काम पूर्ण झालंय. बिल निघालंय, फाइल बंद आहे.” त्यांना मी दोष देत नाही. ते खरंच सांगत होते. त्या फाइलमध्ये दुसरं वर्ष नव्हतंच. तलावाच्या तळच्या गाळात जलपर्णीचं बी वीस वर्षं टिकू शकतं आणि त्याच्यासमोर आपण एका आर्थिक वर्षाची तरतूद ठेवली होती.

हे पत्र त्या नसलेल्या दुसऱ्या वर्षाबद्दल आहे.

आक्रमक परकीय प्रजाती म्हणजे काय, हे आपल्या खात्यात सर्वांना ठाऊक असेल, तरी एक गोष्ट स्पष्ट करून पुढे जाते. बाहेरून आलेलं सगळंच वाईट नसतं. मका, बटाटा, टोमॅटो ही जगाच्या बहुतेक भागांत परकीयच पिकं आहेत आणि ती शेताचा बांध ओलांडून रानात घुसत नाहीत. प्रश्न असतो तो माणसाने आपल्याबरोबर नेलेल्या, नव्या जागी शत्रू नसल्यामुळे मोकाट सुटलेल्या आणि तिथल्या जिवांच्या जागेवर बसलेल्या थोड्या प्रजातींचा. जैवविविधतेवरच्या आंतरसरकारी मंचाने २०२३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात याचा हिशेब आहे. माणसाने जगभर रुजवलेल्या परकीय प्रजाती ३७,०००हून अधिक, त्यांतल्या घातक ठरलेल्या ३,५००हून अधिक. म्हणजे दहातली जेमतेम एक. पण त्या एकीने काय केलं? जगात नोंदल्या गेलेल्या प्राणी-वनस्पतींच्या विनाशांपैकी ६० टक्क्यांत तिचा हात आहे आणि १६ टक्क्यांत तर तीच एकटी कारण आहे. २०१९मधलं नुकसान वर्षाला ४२३ अब्ज डॉलरच्या वर गेलं होतं आणि १९७०पासून दर दशकाला ते चौपट होत आलं आहे.

त्याच अहवालातला आणखी एक आकडा मला जास्त अस्वस्थ करतो. सुमारे ८० टक्के देशांच्या जैवविविधता आराखड्यात या विषयाचं उद्दिष्ट लिहिलेलं आहे, पण खास याच विषयावर कायदा किंवा नियम असलेले देश आहेत १७ टक्के. उद्दिष्ट लिहायला कुणाचीच ना नसते. डिसेंबर २०२२मध्ये माँट्रियलच्या जैवविविधता परिषदेत जगाने ठरवलं की २०३०पर्यंत अशा प्रजातींचं येणं आणि रुजणं निम्म्याने तरी कमी करायचं. त्या वेळी सगळ्यांच्याच माना डोलल्या. आता हातात फार वर्षं उरलेली नाहीत.

महोदय, आपला वेळ मोलाचा आहे. मला या पत्रातली एकच गोष्ट आपल्या लक्षात ठेवायला सांगायची असेल, तर ती एका समुद्री शेवाळाची आहे.

कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे त्याचं नाव. हिरवंगार, पिसासारखं, दिसायला देखणं. मत्स्यालयांतल्या टाक्या सजवायला वापरत. १९८४मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाच्या खालीच, भूमध्य समुद्राच्या तळावर ते सापडलं. जागा किती? साधारण एक चौरस मीटर. एका पाणबुड्याने एका दुपारी उपटून पिशवीत भरावं, एवढं. पण ते कुठून आलं, जबाबदार कोण, त्याने खरंच काही बिघडतं का, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. शेवाळाने वादाचा निकाल लागायची वाट पाहिली नाही. नांगरांना आणि जाळ्यांना अडकून ते पसरत गेलं आणि २००० सालापर्यंत सहा देशांच्या किनाऱ्यांवर हजारो हेक्टर तळावर त्याचा गालिचा पसरला. तोवर ते तिथून काढणं कुणाच्याही हातात राहिलं नव्हतं.

त्याच २००० साली, जूनमध्ये, हेच शेवाळ कॅलिफोर्नियाच्या एका खाजणात पाणबुड्यांना दिसलं. तिथे ओळख पटल्यावर १७ दिवसांत उपाय सुरू झाला. शेवाळाच्या प्रत्येक ठिगळावर ताडपत्री अंथरली, कडा वाळूच्या पिशव्यांनी दाबल्या, आत क्लोरीन सोडला. ते करून लोक घरी गेले नाहीत. पाणबुडे पुन्हापुन्हा तळ पिंजून काढत राहिले, नवं ठिगळ दिसलं की पुन्हा ताडपत्री. सहा वर्षांनी, २००६मध्ये, शेवाळ संपल्याचं जाहीर केलं.

प्रजाती तीच. फरक पडला तो पहिल्या १७ दिवसांनी आणि नंतरच्या ६ वर्षांनी. आपल्याकडे या दोन्हींची सोय नाही. जे काही होतं ते मधेच होतं, प्रजाती डोळ्यांत भरण्याइतकी माजल्यावर आणि पुन्हा माजण्याआधी.

पहिल्या १७ दिवसांसाठी पैशाआधी अधिकार लागतो. १९९९मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विन बंदरात एक परकीय शिंपला सापडला, बोटींच्या बुडाला चिकटून आलेला. तो सापडल्यावर तिथल्या सरकारने नौकांचे तीन धक्के बंद केले, बोटी अडकवून ठेवल्या, पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद सोडलं. त्या धक्क्यांतलं इतर जीवनही त्यात मेलं, हे लपवण्यात अर्थ नाही. तो निर्णय जड होता. पण काही आठवड्यांत शिंपला संपला आणि बाकीचा किनारा वाचला. आता कल्पना करा, उद्या आपल्या एखाद्या धरणात अशी नवी गोष्ट दिसली तर फोन कुणाला करायचा? पाणी एका खात्याचं, काठ दुसऱ्याचा, मासे तिसऱ्याचे, बोटी चौथ्याच्या. चारही खात्यांची पत्रं एकमेकांना पोचेपर्यंत आमची जलपर्णी दोनदा दुप्पट झालेली असते.

आणि नंतरची वर्षं? याबाबत ब्रिटनमधलं एक उदाहरण आपल्या वित्त विभागालाही आवडेल. तिथे फरसाठी दक्षिण अमेरिकेतून आणलेला कॉयपू नावाचा मोठा कृंतक, म्हणजे उंदराच्या कुळातला प्राणी, पिंजऱ्यांतून सुटून दलदलींत पसरला होता, कालव्यांचे काठ पोखरत होता. तो पकडण्याची कामं कित्येक वर्षं चाललेली होती. अडचण उघड होती. प्राणी संपला की पकडणाऱ्यांची नोकरी संपणार, मग शेवटचा कॉयपू कोण कशाला शोधेल? १९८१मध्ये नवी योजना आखली तेव्हा २४ माणसं नेमली, मुदत जास्तीत जास्त दहा वर्षांची ठेवली आणि सहा वर्षांत काम फत्ते झालं तर तीन वर्षांच्या पगारापर्यंत बक्षीस ठेवलं. त्यापुढे उशीर होईल तसं बक्षीस कमी. जानेवारी १९८९मध्ये कॉयपू संपल्याचं जाहीर झालं. किती मारले यावर नाही, एकही उरला नाही यावर पैसे दिले. आपल्याकडे जलपर्णीचं कंत्राट काढलेल्या टनांवर दिलं जातं. टनांवर पैसे मिळणाऱ्या माणसाने शेवटचं पिल्लू रोप का शोधावं?

घाणेरी या परकीय झुडपाचंही तसंच. कोयत्याने वरून छाटली की तिला चौफेर फुटवे येतात आणि पुढच्या वर्षी झुडूप दाट होतं. छाटलेलं क्षेत्र मात्र अहवालात ‘मुक्त’ म्हणून चढतं. कुदळीने जमिनीखाली दोन-तीन बोटं मूळ तोडून, झुडूप उलटं करून ठेवलं, तर ते मरतं. त्यानंतरही पक्षी बी टाकतात, म्हणून दोन-तीन पावसाळे उगवलेली रोपं हाताने उपटावी लागतात आणि मोकळ्या जमिनीत स्थानिक गवत लावावं लागतं, नाहीतर त्या जागेवर रानमोडी किंवा गाजर गवत येऊन बसतं. हे अवघड शास्त्र नाही. वनमजुरांना हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. त्यांना फक्त पुढच्या वर्षीही तिथेच काम मिळायला हवं.

एक गोष्ट लिहिताना मला जड जातं, पण लिहायला हवी. यातलं बरंचसं संकट सरकारी सदिच्छेनेच आणलेलं आहे. उसावरचे भुंगेरे खातील म्हणून १९३५मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडला सुमारे शंभर विषारी बेडूक आणले. भुंगेरे राहिले आणि बेडूक खंडात दूरवर पसरत गेले. मासेमारी वाढावी म्हणून १९५०च्या दशकात आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात नाइल पर्च हा शिकारी मासा सोडला आणि तिथल्याच, जगात दुसरीकडे कुठेही नसलेल्या माशांच्या सुमारे दोनशे प्रजाती नाहीशा झाल्याचं मानलं जातं. वाळवंट हिरवं व्हावं म्हणून देशोदेशी वेडी बाभूळ लावली. आजही रोपवाटिकांतून ‘लवकर वाढणारी झाडं’ म्हणून कुठली रोपं वाटली जातात, याची यादी आपण एकदा स्वतः मागवून पाहावी. आपलं एक खातं जे उपटतं, ते दुसरं लावत असेल तर आधी तेवढं तरी थांबवता येईल.

जैविक नियंत्रणाबद्दल, म्हणजे माजलेल्या जिवावर त्याला खाणारा दुसरा जीव सोडण्याबद्दल, आपल्याला दोन्ही बाजूंनी टोकाचे सल्ले मिळतील. प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटावर १९७७मध्ये एका परकीय गोगलगाईचा बंदोबस्त करायला दुसरी शिकारी गोगलगाय आणली. तिने दहाएक वर्षांत तिथल्या चिमुकल्या पार्टुला गोगलगाई रानातून नाहीशा केल्या. असा सर्वभक्षी जीव कधीच आणू नये. पण सॅल्व्हिनिया या पाण्यावर माजणाऱ्या परकीय नेच्याची गोष्ट पाहा. त्याला मारायला आधी आणलेला भुंगा निकामी ठरला, कारण नेच्याची ओळखच चुकली होती. भावंड प्रजातीवरचा भुंगा आणला होता. खरी ओळख पटली, नेच्याच्या मूळ गावी ब्राझीलमध्ये शोध घेतला, तिथे मिळालेला दोनेक मिलिमीटरचा भुंगा १९८०मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मूंडारा तलावात सोडला आणि वर्षभराच्या थोडं पुढे जाईतो सुमारे दोनशे हेक्टरचं आच्छादन संपलं. तो भुंगा दुसरं काही खात नाही. या साऱ्याच्या मुळाशी एक माणूस होता ज्याला दोन सारख्या दिसणाऱ्या नेच्यांतला फरक कळत होता. असे लोक आता निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या जागा भरल्या जात नाहीत. मी शिकवत होते तिथे वर्गीकरणशास्त्राची जागा माझ्यादेखत गोठवली गेली.

आणखी एक विनंती, माणसांसाठी. वेडी बाभूळ काढा म्हणताना तिचा कोळसा पाडून पोट भरणारी कुटुंबं आधी मोजा. गरिबांनी त्या झाडाला बोलावलेलं नाही, पण आता त्यांची चूल त्यावर पेटते. दक्षिण आफ्रिकेने १९९५पासून परकीय झाडं काढण्याचं कामच गरजू लोकांना रोजगार म्हणून दिलं. त्या कार्यक्रमातही उणिवा निघाल्या, पण सुरुवात कुठून करायची हे त्यांना कळलं होतं.

माझं मागणं मोठं नाही. नवीन प्रजाती दिसल्याची खबर घेणारा, ओळख पटवून घेणारा आणि खात्यांची हद्द न पाहता लगेच काम सुरू करण्याचा अधिकार असलेला एक अधिकारी, त्याच्या हाती वर्षाअखेरीस परत जाणार नाही असा निधी. आणि काढण्याच्या प्रत्येक कामात, पहिलं बिल निघण्याआधीच, पुढच्या किमान पाच वर्षांच्या देखरेखीचे पैसे बाजूला ठेवलेले. निविदेत तेवढी एक ओळ घालायला नवा कायदा लागत नाही.

आमच्या तलावावर सध्या उत्तरेच्या कोपऱ्यात, सांडव्याजवळ, अंगणाएवढं एक ठिगळ उरलं आहे. पाऊस सुरू झाला की गाळातलं बी रुजेल. नखाएवढी रोपं काठाच्या चिखलात दिसू लागतील आणि पाणी चढलं की ती तरंगतील. त्याआधीच्या कुठल्याही रविवारी सकाळी सात वाजता आपण किंवा आपण नेमलेलं कुणी आलं, तर मी ती रोपं ओळखायची कशी ते दाखवीन. मंडप नको. गुडघ्यापर्यंतचे बूट तेवढे आणावेत.

आपली विश्वासू,
वनस्पतिशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका