सूचना : पप्पाम्माळ आजींच्या स्मरणार्थ रविवारी बैठक

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी 9 वाजता नेहमीच्या जागी पप्पाम्माळ आजींची आठवण जागवायला जमायचे आहे. कोइम्बतूर जिल्ह्यातल्या थेक्कमपट्टीच्या या शेतकरी आजी 27 सप्टेंबर 2024 रोजी गेल्या. शंभरी केव्हाच ओलांडली होती, तरी शेत सोडले नव्हते. अडीच एकरांत भरडधान्ये, कडधान्ये, भाजीपाला, तेही रसायनांशिवाय! 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. पण पोरक्या मुलीने दुकान चालवून, पै-पै साठवून जमीन घेतली, हे मला त्याहून मोठे वाटते.

येताना घरचे मूठभर बियाणे कागदात बांधून आणावे, वर वाणाचे नाव व हंगाम लिहावा. प्लास्टिकची पिशवी नको, ओलसर बियांना त्यात बुरशी धरते.