साठवणगृहांतील उधळपट्टी

आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि निम्मे घर भाड्याच्या साठवणगृहात गेले. तिथे महिन्यातून एखादी फेरी होते, पण मार्गिकेतले दिवे दिवसभर जळत असतात! हालचाल टिपून लागणारे एलईडी दिवे बसवावेत. पत्र्याच्या छपरावर पांढरा रंग दिला तर उन्हाळ्यात आतली काहिली कमी होईल. सौर पॅनेललाही तिथे भरपूर जागा आहे.

सर्वांत जास्त खटकतो तो बबल रॅपचा ढीग. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकबंदी, आणि इथे एकेका घरामागे पोतेभर कचरा! माझी आजी पितळेची भांडी जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवायची, एकालाही कधी पोचा पडला नाही. गोदामचालकांनी परत घेण्याजोगे क्रेट आणि गोधड्या भाड्याने द्याव्यात. आम्ही आनंदाने पैसे देऊ.

– एक वाचक, डोंबिवली