आजोबांच्या लेथला घर मिळालं, तुमचे मनापासून आभार

कोल्हापूरच्या उद्यमनगरातला आमचा गाळा रिकामा करायचा होता आणि आत आजोबांचा हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्कर कंपनीचा लेथ (धातू कातायचं यंत्र) उभा, पट्ट्यावर चालणारा, सहा फुटी बेडचा (म्हणजे खालचा लांब पाया). भंगारवाले किलोवर भाव सांगत होते, ऐकून पोटात गोळा यायचा.

मग तुम्ही आलात, शेजारच्या गाळ्यातले काका, ज्यांनी बेडवर हात फिरवून सांगितलं की चकजवळ, म्हणजे काम पकडतात तिथं, थोडा झिजलाय पण अजून वीस वर्षं काम देईल. तुम्हीच नेणारा शोधलात, तुम्हीच कपाटामागून तो १२७ दातांचा गिअर हुडकून काढलात, नाहीतर इंची लीड स्क्रूवर (हत्यार सरकवणारा लांब स्क्रू) मिलिमीटरचे आटे बरोबर पडलेच नसते (एक इंच म्हणजे २५.४ मिमी, त्याची पाचपट १२७, हे आजोबा मला लहानपणी शिकवायचे).

आणि ती हलवणारी चार पोरं! कॅरेज (हत्याराचा सरकता भाग) टेलस्टॉककडे, म्हणजे चकच्या विरुद्ध टोकाला, सरकवून तोल साधला, उचलायचा पट्टा बेडखालून घातला, लीड स्क्रूला कुठंही ताण येऊ दिला नाही, मग पाईपवर घरंगळत टेम्पोपर्यंत. दुपारचं ऊन होतं, चहाशिवाय काही घेतलं नाही तुम्ही.

नेणाऱ्या ताईंनी, घरीच जुन्या पंपांचे पार्ट करतात त्या, परवा पहिल्या कटचा व्हिडिओ पाठवला. चिप (कातलेल्या धातूची साल) निळी, लांब, वळत निघतीये. आईनं तो तीनदा बघितला, खूप खूप आभार तुमचे.