दरपत्रकात शिलाईचाही उल्लेख हवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सीमाभागातील मराठी वाचनालये पाऊस सुरू होण्याच्या आत जुनी पुस्तके आणि नियतकालिकांच्या फायली बाइंडिंगला काढतात, त्यासाठी दरपत्रके मागवितात आणि बहुधा सर्वांत कमी दराचे पत्रक मंजूर करतात. त्यात पुस्तकामागचा दर असतो, पाठ कापडी की रेक्झिनची एवढे असते. पुस्तक शिवायचे कसे, याबद्दल एक शब्दही नसतो. अनेक वर्षे ग्रंथपाल म्हणून काम केलेल्या माझी तक्रार नेमकी याच गोष्टीबद्दल आहे.

यंदा एका वाचनालयात मी १९५६ सालच्या, म्हणजे बेळगाव म्हैसूर राज्यात घातले गेले त्या वर्षाच्या, एका साप्ताहिकाची फाइल पाहायला मागितली. नव्या लाल रेक्झिनमध्ये ती देखणी दिसत होती. उघडल्यावर कळले की अंक एकावर एक रचून, पाठीकडच्या घड्या यंत्राने छाटून, सुटी झालेली पाने गरम गोंदाने चिकटविली आहेत. आतल्या रकान्यातील प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर पाठीत गडप झाले होते आणि नोव्हेंबरच्या अंकाचे एक पान माझ्या हातातच आले. छाटलेली घडी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही, त्यामुळे ही फाइल आता घडीतून सहजासहजी शिवता येणार नाही.

पूर्वी शहापुरातील एक वृद्ध कारागीर आमच्या वाचनालयाचे काम करीत. ते प्रत्येक फर्मा (एकत्र घडी घातलेल्या पानांचा जुडगा) मधोमध उघडून दाभणाने भोके पाडीत, दोऱ्याने एक फर्मा दुसऱ्याला बांधीत जात आणि मैद्याच्या खळीत कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकीत. या जुजबंदीला वेळ लागतो आणि तो वेळ दरपत्रकात कोठेच दिसत नाही.

अमेरिकेतील सुरुवातीच्या बाइंडरांविषयी वाचताना हाच वाद मला साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या बोस्टनमध्ये भेटला. १६६३ साली मॅसॅच्युसेट्स वसाहतीतील केंब्रिज येथे अमेरिकेत छापलेले पहिले संपूर्ण बायबल पूर्ण झाले. ते राज्यकर्त्यांच्या इंग्रजीत नव्हे, तर जॉन एलियटने तेथील मूळ रहिवाशांच्या मॅसॅच्युसेट भाषेत केलेले भाषांतर होते (सीमाभागातल्या वाचकाला हे सहज लक्षात राहील). ते बांधण्याचे काम इंग्लंडहून आलेल्या जॉन रॅटक्लिफकडे होते. १६६४ साली त्याने वसाहतींच्या आयुक्तांना अर्ज केला की एका प्रतीमागे अडीच शिलिंगांत आपले भागत नाही, निदान तीन शिलिंग चार पेन्स तरी मिळावेत. दिवसाकाठी आपल्या हातून एकच प्रत पुरी होते. दोरा, सरस, पुठ्ठा आणि चामड्याचे बंद आपल्यालाच घालावे लागतात आणि तेवढ्याला इथे शिलिंगभरही पुरत नाही. इंग्लंडमध्ये चार शिलिंगांना मिळणाऱ्या धंद्याच्या वस्तूंना इथे अठरा शिलिंग पडतात, असे त्याने लिहिले होते. आमच्याकडच्या कोणत्याही दरपत्रकापेक्षा मला तो अर्ज अधिक प्रामाणिक वाटतो, कारण त्यात दराच्या पोटात काय काय आहे, हे मांडलेले आहे.

साहित्याची ती टंचाई पुढेही राहिली. अमेरिकेतील इंग्रज वसाहतींमधली पहिली कागद गिरणी फिलाडेल्फियाजवळ १६९० साली निघाली. कागदाच्या थरांचा पुठ्ठा महाग असल्याने तेथील बाइंडर ओक, मेपल यांच्या पातळ फळ्या वापरीत आणि वर मेंढीचे कातडे चढवीत. स्वस्त शालेय पुस्तके तर घडीतून न शिवता कडेने आरपार भोके पाडून टाचली जात, त्यामुळे ती पूर्ण उघडत नसत. म्हणजे काटकसर तेव्हाही होती. फरक एवढाच की बाइंडर ती फळीत, कातड्यात आणि टाक्यांत करीत, छापलेल्या ओळींवर सुरी चालवून नव्हे.

माझी विनंती अशी आहे की वाचनालयांच्या समित्यांनी पुढच्या वेळी दरपत्रके मागविताना फर्मे शाबूत ठेवून दोऱ्याची शिलाई करावी, पाठीकडची घडी छाटू नये आणि बाहेरचे काठही शक्यतो कापू नयेत, अशा अटी लेखी घालाव्यात आणि पुस्तकाची जाडी पाहून दर ठरवावा. कागद इतका कुजलेला असेल की टाका धरणार नाही, तर ती फाइल बांधूच नये, कापडात गुंडाळून खोक्यात ठेवावी. काम परत आले की बिल मंजूर करण्याआधी ग्रंथपालाने एका पुस्तकाचा एखादा फर्मा मधोमध उघडून दोरा दिसतो का, एवढे पाहावे. त्याला अर्धा मिनिटही लागत नाही.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल,
शहापूर, बेळगाव